मधल्या गाडीची साक्ष

मी बोलतेय. मी एक निळी, चार दारांची गाडी. सिग्नलला एकमेकींवर आदळलेल्या तीन गाड्यांमधली मधली. त्या सकाळी मी पुढच्या गाडीवर आदळले, हे सगळ्यांनी पाहिलं. का आदळले, हे बघायला मात्र कुणाला सवड नव्हती.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्याच कितीतरी जणी ओळीत उभ्या होत्या. त्यांतून मला निवडलं मास्तरांनी. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. माझा रंग त्यांनी उन्हात पाहिला, सावलीत पाहिला, मान तिरकी करून पाहिला. शेवटी त्यांची बायको वैतागली.

"अहो, गाडी घेताय की भिंत रंगवताय?"

मास्तर हसले आणि मी त्यांची झाले.

मास्तरांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. त्या कपडे शिवायच्या. अंगावर नीट न बसणारा कपडा त्यांच्या हातात गेला की माणसाला शोभून दिसायचा. त्यांची गिऱ्हाइकं गावभर पसरलेली. कपड्यांची गाठोडी माझ्या मागच्या सीटवर, बाई पुढे, आणि मास्तर चाकावर. ते इतके जपून चालवायचे की शेजारी म्हणत, "मास्तरांच्या मागे सापडलात तर शिदोरी बरोबर ठेवा." मास्तरांना त्याचा राग नव्हता. पोचल्याशी मतलब, म्हणायचे.

त्या सकाळी सिग्नल लाल झाला. पुढची पांढरी गाडी थांबली. मास्तरांनी मला अलगद थांबवलं. मधे माणूस आरामात पलीकडे जाईल एवढी जागा होती. बाई कुठल्याशा कोटाच्या अस्तराबद्दल सांगत होत्या. तेवढ्यात पाठीत असा दणका बसला की माझी डिकी चेपून आत आली. ब्रेक दाबलेला असूनही मी फरफटत पुढे गेले आणि नाकाने त्या पांढऱ्या गाडीवर आदळले. बाईंनी सावरायला हात पुढे केला, तो डॅशबोर्डवर आपटला. त्या मनगटाचा आवाज मला ऐकू आला. देव करो नि तसला आवाज कुणाच्या कानी न पडो.

माझ्या मागे ब्रेड पोचवणारी व्हॅन होती. तिचा ड्रायव्हर खाली उतरला तो ओरडतच.

"यांनीच आधी पुढच्याला ठोकलं! असे मधेच अडकल्यावर मी काय हवेतून जाऊ?"

गर्दी जमली. लोकांनी माझं नाक पाहिलं, पांढरीची पाठ पाहिली, मास्तरांचे पांढरे केस पाहिले, आणि निकाल लागला. "मागून ठोकणाऱ्याचीच चूक असते," एकजण म्हणाला. आता मागून तर मलाही ठोकलं होतं! पण माझ्या पाठीकडे जाऊन बघणार कोण?

"मी थांबलो होतो हो," मास्तर म्हणत राहिले. "पाय ब्रेकवरच होता."

त्यांचा मुलगा धावत आला. आईचा लोंबणारा हात बघून त्याचा तोल गेला.

"किती वेळा सांगितलं बाबा, आता चालवू नका म्हणून! बघा, काय करून ठेवलंत!"

भर रस्त्यात, सगळ्यांदेखत. मास्तरांनी मान खाली घातली. मुलाने माझी किल्ली काढून खिशात टाकली आणि आईला दवाखान्यात नेलं.

मला गॅरेजमध्ये आणून टाकलं. विम्याची तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही, असा हुकूम होता. मास्तर अधूनमधून यायचे. माझ्यात बसायचे आणि ब्रेकचं पेडल दाबून बघायचे. पुन्हा दाबायचे. एकदा स्वतःशीच पुटपुटले, "की पाय घसरला होता?"  जगाने आळ घेतला तर माणूस भांडतो, पण आळ स्वतःलाच पटायला लागला, तर भांडायचं कुणाशी? मी सगळं जाणत होते, पण मला वाचा नव्हती.

मग विमा कंपनीची सर्वेक्षक आली. शांत स्वभावाची. तिने आधी माझी पाठ पाहिली, मग नाक. माझ्या बंपरवरचे ओरखडे जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजलं. पुढच्या गाडीचे फोटो शेजारी धरले.

"चालत्या गाडीने जोरात ब्रेक मारला की तिचं नाक खाली दबतं," ती मास्तरांना म्हणाली. "तुम्ही तसे जाऊन आदळला असता, तर मार पुढच्या गाडीला खालच्या अंगाला लागला असता. हा वर लागलाय. आणि पुढची गाडी चालवणाऱ्या ताईंना मी विचारलं, धक्के किती बसले? त्या म्हणाल्या, एकच. तुम्ही आधी ठोकलं असतंत, तर व्हॅनचा दुसरा धक्का त्यांना जाणवला असता. तुम्ही थांबलेले होतात, मास्तर. तुम्हाला ढकललं गेलं. चूक व्हॅनवाल्याची."

मास्तरांनी माझं दार घट्ट धरलं.

"मी अजून थोडं मागे थांबलो असतो तर? हिचा हात वाचला असता?"

तिने हातातले फोटो खाली ठेवले. खोटं बोलली असती तरी चाललं असतं, पण बोलली नाही.

"कदाचित वाचला असता. पण मागचा माणूस येऊन आदळेल, असं धरून कुणी सिग्नलला उभं राहत नाही."

मास्तरांनी त्यातलं फक्त 'कदाचित' घरी नेलं.

माझी डागडुजी झाली. मुलानेच मला घरी आणून इमारतीखाली लावलं. बाई खाली आल्या. प्लास्टर निघालं होतं, पण हाताची मूठ पुरती वळत नव्हती. कात्री धरता येत नव्हती.

"किल्ली दे बाबांना," त्या म्हणाल्या.

"आई, या वेळी त्यांची चूक नव्हती, मान्य. पण पुढच्या वेळी?"

"न केलेल्या चुकीची शिक्षा आगाऊ भोगायची का त्यांनी? त्या दिवशी रस्त्यात ओरडलास. आता चूक नव्हती हे सांगताना आवाज का बसला तुझा?"

मुलाने खिशात हात घातला. वाईट नाही तो. घाबरलाय. किल्ली त्याने खिशातून काढली, तळहातावर धरली. बाई हात पुढे करणार, तोच मास्तर म्हणाले, "राहू दे गं. त्याच्याचकडे राहू दे."

त्याला आता बरेच महिने झाले. मास्तर अजून खाली येतात, माझी काच पुसतात, माझ्यात येऊन बसतात. पण चाकासमोर नाही. शेजारच्या सीटवर, बाईंच्या जागेवर. एक हात पुढे करून डॅशबोर्डवर टेकवतात आणि तसेच बसून राहतात.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. कुणाला चौकात उभं करून दोषी ठरवलंत आणि मागाहून तो निर्दोष निघाला, तर त्याच चौकात, तेवढ्याच मोठ्या आवाजात ते सांगा. कागदावर लिहून भागत नाही. माझे पोचे ठोकून निघाले, वरून रंगही बसला. मास्तरांना मात्र अजून कुणीच मोठ्याने सांगितलेलं नाही.