कप्तानाच्या घरातली घड्याळं

धाकटीच्या मागे ‘थापाडी’ हे नाव लागलं तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि ते सुटावं म्हणून ती जन्मभर खरं बोलत आली होती. नुसतं खरं नाही, मोजूनमापून खरं. ती रसायनशास्त्र शिकली, एका मोठ्या ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात लागली आणि जुन्या कागदातलं आम्ल किती ते दोन दशांशांपर्यंत सांगू लागली. घरी मात्र ताईने ते नाव सोडलं नव्हतं. “थापाडी, जेवून जाणार ना गं?” असं ताई विचारायची. त्यात काडीचाही राग नसायचा, आणि म्हणूनच त्यावर काही बोलता येत नसे.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, कामाच्या टेबलावर धाकटीला ते नाव का लागलं याचा पुरावा सापडला.

बंद पडलेल्या एका वाचनालयाची सहाशे पुस्तकं विभागात आली होती. खोकं उघडताच तिला आतल्या पानावरचा जांभळा अंडाकृती शिक्का दिसला आणि तिने खाली बसून घेतलं. हे वाचनालय त्यांच्या जुन्या घराच्या गल्लीच्या टोकाला होतं. तिसऱ्या खोक्यात कप्तानाची कादंबरी निघाली. मुखपृष्ठ गेलेलं, पुठ्ठ्याचे कोपरे कुरतडलेले. ही तीच प्रत होती, कारण वाचनालयाकडे दुसरी नव्हतीच.

त्या वर्षी बाबा छातीच्या आजाराने दूरच्या इस्पितळात होते. मुलांना तिथे सोडत नसत. आई रविवारी एकटी जाऊन यायची आणि “बरे आहेत” एवढंच सांगायची. रोज संध्याकाळी, मटार सोलता सोलता किंवा कपड्यांच्या घड्या घालता घालता, आई दोघींना एक प्रकरण वाचून दाखवायची. म्हणजे सोलायच्या मुली, वाचायची आई. कादंबरीत एक कप्तान होता, त्याची बायको होती, दोन मुली होत्या. कप्तान मोठ्या सफरीवर गेलेला, पत्रं येईनाशी झालेली. पहिल्याच आठवड्यात ताईने धाकटीला अंथरुणात कुजबुजून सांगून टाकलं होतं, “कप्तान परत आला ना, की बाबापण येतात. बघ तू.” हे आईला सांगायचं नाही असं ठरलं. धाकटीने दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासतानाच सांगून टाकलं.

आणि कप्तान आला. वादळात डोलकाठी कोसळली, लाट जहाजाहून उंच झाली, आणि मग बरेच महिने गेले, आणि एक दिवस दार उघडून तो आत आला. भिंतींवर घड्याळंच घड्याळं होती, चाळीस तरी, आणि प्रत्येकात वेगळी वेळ.

“एवढी घड्याळं कशाला त्यांच्या घरात?” ताईने विचारलं होतं.

“प्रत्येक बंदरातून त्याने एकेक आणलेलं,” आई म्हणाली होती. “बायको ती त्या त्या बंदराच्या वेळेवर चालू ठेवायची. म्हणजे तो कुठेही असला तरी तिथे आत्ता किती वाजले ते तिला कळायचं.”

“पण वाजलेले सगळीकडे सारखेच असतात ना?” धाकटीने विचारलं.

मग आईने मटाराचा एक दाणा दिव्यासमोर धरून फिरवला. अर्ध्या दाण्यावर उजेड, अर्ध्यावर अंधार. धाकटी पुढे विज्ञानाकडे वळली ती त्या दाण्यापासून, असं तिचं ठाम मत होतं.

त्या शेवटात आणखी एक गंमत होती. कप्तानाची बायको त्याला पाहून म्हणते, “बाळा, किती वाळलास रे!” नवऱ्याला बाळा? दोघी हसून लोळल्या. “लाडाने म्हणते,” आई म्हणाली, पण तिचाही चेहरा जरा पाहण्यासारखा झाला होता. चार महिन्यांनी बाबा खरंच घरी आले. हातात पत्र्याची पेटी, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल. ताईने दार उघडलं आणि म्हणाली, “बाळा, किती वाळलास रे!” बाबा आधी गोंधळले, मग इतके हसले की खोकल्याची उबळ येऊन खालीच बसले. पुढे तीस वर्षं, बाबा गावाहून आले की आई त्यांना दारात तेच म्हणायची.

त्याच वर्षी, बाबा परत यायच्या आधी, शाळेत प्रत्येकीने वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगायची होती. धाकटीने कप्तान सांगितला. वर्गशिक्षिकेने ते पुस्तक कुठेतरी वाचलं होतं. “कप्तान बुडतो,” बाई म्हणाल्या. “घड्याळं कुठून आणलीस तू? पुस्तक न वाचता थापा मारू नयेत.” वर्ग हसला. धाकटी घरी येऊन रडली आणि म्हणाली, “आई, तू बाईंना सांग ना.” आई भांडी घासत होती. तिने वळून पाहिलं नाही. “जाऊ दे गं,” एवढंच म्हणाली. पुस्तक तर परत गेलं होतं. धाकटी वाचनालयात पाहायला गेली तर ते बाहेर होतं, मग पुन्हा बाहेर होतं, आणि मग त्यांनी घर बदललं. थापाडी ती थापाडीच राहिली. बाईंचं आणि मुलींचं तिने कधीच मनाला लावून घेतलं नाही. आईचं ते “जाऊ दे गं” मात्र काट्यासारखं आतच राहिलं होतं.

आता ती कादंबरी समोर होती. धाकटीने हात धुतले, पुसले आणि शेवटाकडची पानं उघडली.

पृष्ठ दोनशे चोवीस: ‘लाट जहाजाहून उंच झाली आणि’. तिथे ओळ संपत होती. पृष्ठ दोनशे पंचवीस: ‘दुकानाचे दार ढकलून घड्याळजी आत आला. भिंतीवरची घड्याळे कोणी लावली नसल्याने मनाला येईल ती वेळ दाखवत होती. आत्या उठून उभी राहिली.’

ती कामाला लागली, कारण ते तिला येत होतं.

एक मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पृष्ठं होतात, त्याला फॉर्मा म्हणतात. पुस्तक म्हणजे असे फॉर्मे एकाखाली एक शिवलेले. एकाच प्रकाशकाच्या दोन कादंबऱ्या, एकच आकार, एकच कागद, दोन्ही दोनशे चाळीस पृष्ठांच्या. बांधणाऱ्याच्या हातून शेवटचे फॉर्मे अदलाबदल झाले होते. आकडे जुळत होते, मजकूर जुळत नव्हता. चौथ्या खोक्यात तिला घड्याळजीची कादंबरी मिळाली. त्यात शेवटी कप्तानाची सोळा पृष्ठं होती. खरा शेवट इतकी वर्षं त्याच वाचनालयात, बहुधा त्याच फळीवर होता.

मग तिने दिवा आडवा केला. पेन्सिल खोडली तरी कागदावर तिचा दाब राहतो. उजेड अगदी तिरका पडला की ती रेघ सावलीसारखी वर येते. ‘आत्या’वर लिहिलेलं होतं ‘बायको’. ‘दुकान’वर ‘घर’. ‘घड्याळजी’ सतरा ठिकाणी कापून सतरा ठिकाणी ‘कप्तान’. आणि समासात, घड्याळांच्या ओळीशेजारी, खूप दाबून: ‘प्रत्येक बंदराचं एक’. अक्षर तिने लगेच ओळखलं. या अक्षरातल्या वाणसामानाच्या याद्या घेऊन ती लहानपणभर दुकानात गेली होती.

आत्याचं ‘बाळा’ तेवढं बदलायचं राहून गेलं होतं.

विभागप्रमुख मागून येऊन वाकले. ते निवृत्तीला आलेले होते आणि प्रत्येक गोष्टीला पुरावा मागत. “सरळ काम आहे, मॅडम. दोन्ही फॉर्मे उसवा, ज्याचे त्याला शिवा. गुरुवारपर्यंत होईल?”

“होईल, सर.”

“त्या पेन्सिलीच्या खुणा कुणाच्या?”

“उद्या सांगते,” धाकटी म्हणाली.

बाहेर पडताना तिने दोन्ही फॉर्म्यांची छायाचित्रं घेतली. कप्तानाचा खरा शेवट तिने मुद्दाम वाचला नाही.

आई ताईकडे राहायची. वय एक्याऐंशी, नजर अधू, कान शाबूत. दोघी लसूण सोलत बसल्या होत्या.

“आली थापाडी,” ताई म्हणाली. “हात धू आणि बस सोलायला.”

धाकटीने हात धुतले नाहीत. ती आईसमोर स्टूल ओढून बसली, फोन काढला आणि वाचू लागली. “दुकानाचे दार ढकलून घड्याळजी आत आला.”

“घराचं दार उघडून कप्तान आत आला,” आई सहज म्हणाली. आणि मग तिचे हात थांबले.

ताईने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. “काय चाललंय तुमचं?”

धाकटीने सगळं सांगितलं. फॉर्मे, तिरका दिवा, सतरा वेळा कप्तान. समासातली ओळही वाचून दाखवली. आई लसणाची पाकळी बोटांत फिरवत होती.

“तुम्ही शाळेत गेलात की दुपारी मी पुढचं वाचून ठेवायची,” ती म्हणाली. “काही वेडंवाकडं असलं तर गाळायला. त्या दिवशी पान उलटलं तर हा कुठला तरी घड्याळजी. वाटलं, पुस्तक परत करावं. पण तू पहिल्याच आठवड्यात दात घासताना सांगितलं होतंस, कप्तान आला की बाबा येतात. आणि आदल्याच रविवारी डॉक्टर मला म्हणाले होते, काही सांगता येत नाही.”

“हे तू कधी बोलली नाहीस,” ताई म्हणाली.

“कुणाला बोलणार? तू दहाची, ही आठची.”

“मग शाळेचं झालं तेव्हा?” धाकटीने विचारलं. “बाबा तेव्हाही इस्पितळातच होते, कळतं मला. पण नंतर? ते घरी आल्यावर तरी?”

आईने पाकळी ताटात टाकली. “बाईंनी बुडतो म्हटल्याचं तू घरी येऊन सांगितलंस, तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं की तो बुडतो. मी घाबरले. तुला खरं सांगायचं म्हणजे त्याला बुडवावं लागलं असतं. बाबा आल्यावर वाटलं, आता सांगू. पण तू त्या घड्याळांची वही केली होतीस. कुठल्या बंदरात किती वाजले ते रोज बाबांना वाचून दाखवायचीस. ते पडल्या पडल्या ऐकायचे. मग राहिलंच. तुझ्यावर शिक्का बसला तो मी बसू दिला. थापा माझ्या होत्या.”

ताईने लसणाचं ताट खाली ठेवलं. “म्हणजे पंचेचाळीस वर्षं मी भलतीलाच थापाडी म्हणतेय?”

“हो,” आई म्हणाली. “मला म्हणायचं होतंस.”

“तुला थापाडी म्हटलं असतं तर लाटणं बसलं असतं.”

धाकटीला हसू आलं. ते येईल असं तिला वाटलं नव्हतं.

“खरा शेवट आणलायस?” आईने विचारलं. “वाच मग. आता कुणी इस्पितळात नाही.”

धाकटीने वाचला. जहाज बुडतं. सहा महिन्यांनी एक खलाशी कप्तानाची पेटी घेऊन दारात येतो. बायको पेटी उघडत नाही. ती मुलींना जेवायला वाढते, आणि पेटी भिंतीशी सरकवून तिच्यावर धाकट्या मुलीला बसवते, कारण घरात पाट कमी असतात. संपलं.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“चांगला लिहिलाय,” आई शेवटी म्हणाली. “पण मी नसता वाचला.” मग विचारलं, “आता त्या पानांचं काय करणार तू?”

“ज्याची त्याला देणार. घड्याळं घड्याळजीकडे जाणार.”

“त्याचीच होती ती,” आई म्हणाली. “आपण चार महिने वापरली.”

निघताना ताई दारापर्यंत आली. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि ती अडखळली. इतक्या वर्षांत दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती. “रविवारी ये गं,” एवढंच तिने म्हटलं. धाकटी दोन पायऱ्या उतरली. तिला ते फार परकं वाटलं.

“ताई,” ती वळून म्हणाली, “थापाडीच म्हण. आईकडून आलंय ते.”

गुरुवारी धाकटीने दोन्ही फॉर्मे उसवले, जुना सरस ओल्या पट्टीने सोडवला आणि ज्याचे त्याला शिवून दिले. टाके मोजून घातले. मग अहवाल लिहिला: ‘घड्याळजीच्या कादंबरीतील पृष्ठे २२५ ते २४० ही बांधणीच्या चुकीमुळे दुसऱ्या कादंबरीत होती. त्या काळात एका वाचक स्त्रीने नावे बदलून ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवली. खोडलेल्या खुणा तिच्या आहेत. त्या स्वच्छ करू नयेत.’

विभागप्रमुखांनी अहवाल दोनदा वाचला. “खुणा ठीक आहेत, मॅडम. त्या दिसतात. पण मोठ्याने वाचून दाखवली, याला पुरावा काय?”

“ऐकणाऱ्या दोघीजणी आहेत, सर.”

“विश्वासातल्या?”

“एक आहे,” धाकटी म्हणाली. “दुसरीला घरात थापाडी म्हणतात.”

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मग खिशातलं पेन काढून सही केली.