मागच्या खोलीची भिंत

“परत सांग ना राणी, मला ऐकूच नाही आलं.”

सूनबाई मागच्या खोलीत खुर्चीवर चढून फोन छताकडे उंच धरून बोलत होती. फोनमध्ये एका लहान मुलीचा चेहरा तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठला होता. चहा घेऊन दारात आलेल्या तिच्या सासऱ्यांना, मिस्त्रींना, क्षणभर वाटलं, पोरीला ठसका लागला की काय. मग चित्र हललं. मुलीचं तोंड आता घट्ट मिटलेलं होतं.

“बोल ना. काय म्हणत होतीस?”

मुलीने मान नकारार्थी हलवली आणि ती बाजूला सरकली. तिच्या जागी तिची आई दिसू लागली. आवाजात राग नव्हता, पण थकवा होता.

“ताई, बोलली होती हो ती. अख्खं वाक्य बोलली. ‘मी आज वर्गात हात वर केला,’ म्हणाली. तुमच्याकडे अडकलं.”

सूनबाई खुर्चीवरून उतरली.

“दर वेळी असं होतंय,” ती आई म्हणाली. “एकदा कष्टाने बाहेर काढलेलं तिला परत बोलायला लावायचं म्हणजे... तुम्हाला मी काय सांगणार? पुढच्या आठवड्यापर्यंत बघा काही जमतंय का. नाहीतर मग आम्हाला दुसरीकडे जावं लागेल.”

फोन बंद झाला. सूनबाईने सासऱ्यांच्या हातातला कप घेतला आणि तो तसाच टेबलावर ठेवून दिला.

बोलताना अडखळणाऱ्या मुलांना ती शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हा मिस्त्रींना या कामाचं हसू यायचं. बोलायला काय शिकवायचं? पोरं आपोआप बोलतात, उलट गप्प कर म्हणून सांगावं लागतं! पण घरात राहून त्यांनी हळूहळू ऐकलं. पहिल्या अक्षरावर ठेच लागून थांबलेली पोरं ऐकली आणि त्या पोरांसाठी थांबून राहणारी सूनबाईही ऐकली. ती घाई करत नसे, शब्द पुरवत नसे. लॅपटॉप होता, पण तिला फोनच लागे. तो हातात धरून ओठांपाशी न्यायचा, जीभ कुठे टेकवायची ते दाखवायचं, मुलाचं तोंडही जवळून बघायचं. ती मघाची मुलगी सूनबाईच्या विशेष जिव्हाळ्याची होती. शब्द गालात साठवून ठेवते म्हणून तिचं नाव ठेवलं होतं खारूताई.

या कामाला हवी शांतता. आणि ती त्या घरात एकाच ठिकाणी होती, मागच्या खोलीत.

घरासमोर रस्त्यापलीकडे लाकडाची वखार होती. तिथली यंत्राची करवत दिवसभर किंचाळायची. मिस्त्रींच्या बायकोला अर्धशिशीचा त्रास होता. करवत सुरू झाली की ती डोक्याभोवती रजई गुंडाळून भर उन्हाळ्यातही पडून राहायची. घामाने न्हाऊन निघायची, पण रजई काढायची नाही. दुसऱ्यांची घरं बांधण्यात मिस्त्रींची हयात चाललेली, आणि स्वतःच्या घरात बायको अशी. शेवटी एका उन्हाळ्यात कामावरून आल्यावर रोज संध्याकाळी त्यांनी मागच्या खोलीचं काम काढलं. घरातल्या अरुंद बोळाकडच्या भिंतीला आतून दुसरी भिंत घातली. दोन्हींच्या मधल्या पोकळीत भुसा ठासून भरला, तोही त्याच वखारीतून आणलेला. प्लॅस्टर सुटू नये म्हणून दोन्ही अंगांनी लोखंडी जाळी ठोकली. दाराला जाड फळ्या, आतून पत्रा आणि कडेने रबर. काम झालं तेव्हा त्यांनी बायकोला आत बसवलं, दार लावलं आणि बाहेरून पातेल्यावर पळी बडवली. दार उघडून विचारलं, “काय ऐकलंस?” ती म्हणाली, “काय ऐकायचं होतं?”

आयुष्यात मिस्त्रींनी मोठमोठ्या इमारतींवर काम केलं, पण कोणी विचारलं तर ते हीच भिंत दाखवत. बायको पुढची सगळी वर्षं त्या भिंतीला टेकून बसली, शेवटचं आजारपणही तिने त्याच खोलीत काढलं. ती गेल्यावर मिस्त्रींनीच ती खोली सूनबाईला दिली. मुलगा जहाजावर, वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर. घरात दोघंच.

पण त्या खोलीत नेट नीट येत नव्हतं. फोनचं स्वतःचं नेटवर्क तर तिथे पूर्वीपासूनच मान टाकायचं. राहता राहिलं वायफाय. दार उघडलं की ते आत येई, आणि त्याच्या मागोमाग करवतही.

त्या फोननंतर सूनबाई कामालाच लागली. राउटर टीव्हीमागे लोखंडी कपाटाच्या कुशीत दडपलेला होता, तो काढून उंच फळीवर ठेवला. फोनचं धातूचं कव्हर काढून टाकलं. कुठेतरी वाचून तिने मिस्त्रींना समजावलं, “बाबा, वायफायच्या दोन तऱ्हा असतात. एक वेगवान, पण भिंत दिसली की हातपाय गाळते. दुसरी जरा संथ, पण लांब पोचते. आपण संथवाली लावू.” संथवाली लावली. बोळात फोनच्या सगळ्या रेघा भरल्या. खोलीत जाऊन दार लावलं, की एक रेघ, तीही येऊन-जाऊन. मग वायफाय पुढे ढकलणारा एक छोटा डबा आणून बोळात लावला. तो बोळापर्यंत ऐटीत आला आणि दाराशी अडला. शेवटी दाराखालून वायर घातली, तर दार मिटेना आणि फटीतून करवत आत.

मग नेटवाला आला. पोट सुटलेला, कमरेला हत्यारांचा पट्टा, घामाघूम झालेला गृहस्थ. त्याने फोन हातात धरून घरभर फेरी मारली, खोलीत गेला, बाहेर आला, मग बोटाच्या पेरांनी भिंत वाजवली.

“काय भरलंय हिच्यात?”

“दोन भिंती आहेत,” मिस्त्री म्हणाले. त्यांची मान आपसूक ताठ झाली. “मध्ये भुसा. दोन्हीकडून जाळी.”

“लोखंडी?”

“मग काय सुताची?”

नेटवाला हसला. “मिस्त्री, ही भिंत नाही, पिंजरा आहे. आवाज आत येत नाही ना, तसं नेटही येत नाही. हिला आरपार भोक पाडून वायर आत घ्यायची आणि आत दुसरा डबा बसवायचा. दुसरा इलाज नाही. आणू का ड्रिल?”

मिस्त्री काही बोलायच्या आत सूनबाई म्हणाली, “नको, राहू द्या. मी बघते काहीतरी.”

नेटवाला गेला. मिस्त्री पायरीवर जाऊन बसले. पिंजरा! माणसाने जन्मभराचं कसब ओतून केलेली वस्तू, आणि हा म्हणतो पिंजरा. संध्याकाळभर तो शब्द त्यांच्या डोक्यात खडा होऊन खुपत राहिला. पण सूनबाईने “नको” म्हटलं तेव्हा बरं वाटलं होतं, तेही त्यांना कळत होतं, आणि ते त्याहून जास्त खुपत होतं.

दोन दिवसांनी ते दुपारी बाहेरून आले. वखार जोरात चालू होती. बोळात, त्या छोट्या डब्याखाली, जमिनीवर रजईचा एक ढीग होता. ढीग बोलत होता.

“सावकाश. मला काही घाई नाही. मी इथेच आहे.”

मिस्त्री जागच्या जागी थांबले. रजईतून फोनचा निळसर उजेड झिरपत होता. करवत किंचाळली की आतून सूनबाई रजई आणखी घट्ट आवळून घ्यायची. कितीतरी वेळाने तिने डोकं बाहेर काढलं. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद. समोर सासरे बघून ती ओशाळली.

“इथे नेट चांगलं येतं बाबा. आणि रजईत आवाज थोडा कमी लागतो.”

“ती पोरगी होती?”

“नाही, दुसरा मुलगा. खारूताईचा तास परवा.”

“मला का नाही म्हणालीस, भोक पाडू या म्हणून?”

ती रजईची घडी घालू लागली. “कसं म्हणणार? आई त्या भिंतीला टेकून बसायच्या. तुम्ही येईल त्याला ती भिंत दाखवता. माझ्या फोनसाठी तिला भोक पाडा म्हणू?”

मिस्त्रींनी रजईचं दुसरं टोक धरून घडी पुरी केली. पण त्यांच्या डोळ्यांपुढून ती रजई हलेना. एका बाईला रजईतून बाहेर काढण्यासाठी त्यांनी ती भिंत बांधली होती. आणि आज तिच्याचपायी घरातली दुसरी बाई रजईत शिरली होती. मग ती भिंत कोणाच्या कामाची?

दुसऱ्या दिवशी सूनबाई बाजारात गेली तशी त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली. हातोडी, लांब छिन्नी, तार कापायची पकड. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण हाताला हातोडी लागताच हात आपला रस्ता धरून चालू लागला. मोठ्या ड्रिलने प्लॅस्टर उडतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांनी कोपऱ्यात, जमिनीपासून जरा वर, पेन्सिलने बोटाएवढं वर्तुळ काढलं आणि हलक्या हाताने ठोके घालायला सुरुवात केली.

प्लॅस्टर खणखणीत वाजलं. एक पोपडा सुटला नाही, एक चीर पुढे पळाली नाही. स्वतःचंच काम फोडताना मिस्त्रींना मनातून भलतंच समाधान होत होतं. भिंत जसजशी दाद देईना तसतसे ते खूश होत होते. “अशी सहज नाही हं देणार तू,” ते तिला म्हणाले. जाळी लागली. पकडीने एकेक तार कापली. मग वीट. आणि वीट पार होताच छिन्नीच्या कडेने भुसा सांडू लागला. बारीक, पिवळा, कोरडा ठणठणीत. इतक्या वर्षांत ओल म्हणून लागली नव्हती. त्यांनी चिमूटभर हातात घेऊन हुंगला. अजून त्याला लाकडाचा वास होता. हा भुसा भरला त्या संध्याकाळी बायको घमेलं धरून शेजारी उभी होती, केसांत भुसा घेऊन हसत होती. मग मिस्त्रींनी भोकात नळीचा तुकडा सरकवला, म्हणजे भुसा सांडायचा थांबला, आणि पलीकडची भिंत फोडायला घेतली.

सूनबाई आली तेव्हा ते नळीला डोळा लावून खोलीतून बोळात बघत होते. पिशव्या तिच्या हातातच राहिल्या.

“बाबा! हे काय केलंत?”

“त्या पोटल्याला बोलाव,” मिस्त्री म्हणाले. “म्हणावं, वायर घेऊन ये. पिंजऱ्याला दार केलंय.”

नेटवाला आला. भोकाकडे बघून त्याने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. “छिन्नीने?” एवढंच विचारलं आणि स्वतःशीच मान डोलावली. वायर सरळ आरपार गेली. आत दुसरा डबा बसला. वायरीभोवतीची फट मिस्त्रींनी स्वतः कापूस आणि लांबीच्या लगद्याने अशी बुजवली की मुंगी शिरायची नाही. मग त्यांनी नेटवाल्याला बोळात उभं केलं, आपण आत गेले आणि दार लावलं.

“ओरड!” असं ते आधीच सांगून गेले होते. नेटवाला घसा फुटेस्तोवर ओरडला. थोड्या वेळाने दार उघडून मिस्त्रींनी विचारलं, “ओरडलास का?”

सूनबाई हसता हसता खाली बसली. फोनवर सगळ्या रेघा भरल्या होत्या.

पण रेघा भरल्या म्हणून पोर बोलेलच असं कुठे होतं? परवाच्या तासाला सूनबाईइतकाच मिस्त्रींचाही जीव वरखाली होत होता. ते उगाचच केरसुणी घेऊन बोळ झाडत राहिले. दार थोडं उघडं राहिलं होतं आणि वखार तेवढ्यापुरती बंद होती.

बराच वेळ आत, वायरीपाशी जमिनीवर बसून, एकटी सूनबाईच बोलत होती. खारूताई हूं-उहूंवर भागवत होती. मग अचानक तिचा आवाज आला.

“ताई, तु-तुमच्या मागे भिं... भिं...”

केरसुणी थांबली. सूनबाई गप्प होती. ‘भिंत’ हा शब्द मिस्त्रींच्या जिभेवर येऊन बसला. त्यांनी तो गिळला.

“...भिंतीला भोक आहे.”

“आहे,” सूनबाई म्हणाली.

“कु-कुणी पाडलं?”

“माझ्या बाबांनी. भिंतसुद्धा त्यांनीच बांधलीय. अशी भिंत आसपास कुणाकडे नाही.”

“म-मग भोक का पाडलं?”

“तू बोलतेस ते मला पहिल्या वेळेसच ऐकू यावं म्हणून.”

आत शांतता पसरली. अडकलं की काय पुन्हा, म्हणून मिस्त्रींनी फटीतून पाहिलं. नाही. फोनमध्ये पोर विचार करत होती, पापण्या उघडझाप करत होत्या. सूनबाई फोन दोन्ही हातांत धरून तिच्यासाठी थांबली होती. मग पोरीने श्वास घेतला.

“ताई, मी ना, का-काल पण हात वर केला.”

रस्त्यापलीकडे करवत सुरू झाली. मिस्त्रींना पुढचं ऐकायची फार इच्छा होती. शाळेच्या बाईंनी काय विचारलं, पोरीने काय उत्तर दिलं, वर्ग हसला की नाही. पण त्यांनी दाराची कडी धरली आणि आवाज न करता ते ओढून घेतलं. रबर चौकटीत बसलं. आतला एकही शब्द आता बाहेर येत नव्हता.

मिस्त्री भिंतीला पाठ टेकून बोळात उभे राहिले. पायाशी थोडा भुसा उरला होता, तो त्यांनी सुपलीत भरला.