मोकळी केलेली जाळी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी साळुंकी चोचीत अख्खा शेंगदाणा धरून मागच्या भिंतीवरच्या लाकडी पेटीत शिरली. पेटीत चार दिवसांची तीन पिल्लं होती.

थोरलीने चहाचा कप टेबलावर आदळला. "बाबा, तिला अख्खा दाणा मिळाला कुठून?"

"जाळीतून. आणखी कुठून?" वडिलांनी पेपरातून मानही वर केली नाही.

थोरली लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. छोट्या पोरांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात, हे आयांना सांगून सांगून तिचा स्वतःचा घसा बसायचा. पाखरांच्या पिल्लांचंही तेच. म्हणूनच तिने अंगणात बारीक छिद्रांच्या तारेच्या जाळीची नळी आणून टांगली होती. दाणे आत, पक्षी बाहेर. टोचून टोचून मिळेल तो तुकडाच मिळावा. खारे दाणे तिने घरातून हद्दपार केले, बुरशीचा वास आलेली पिशवी तशीच्या तशी फेकली, नळी दर आठवड्याला गरम पाण्याने धुतली. आता ती अंगणात धावली, तर नळीच्या खालच्या रांगेतलं प्रत्येक छिद्र सुबक, गोल आणि एकसारखं मोठं झालेलं.

वडिलांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. अडकलेलं काहीही त्यांना बघवत नसे.

"दाणा अडकत होता," ते मागून येत म्हणाले. "बिचारी अर्धा अर्धा तास चोच आपटायची. चिमट्याने मोकळं केलं. कडासुद्धा घासल्यात. बघ, बोट फिरव."

"अडकावा म्हणूनच होती ती जाळी!"

"मग तसं सांगायचं."

"तीनदा सांगितलं!"

"तेव्हा डोळ्याला भिंग असेल त्यांच्या," आई खिडकीतून म्हणाली. "भिंग लावलं की ऐकू येत नाही. माझं तर लग्नापासून येत नाही."

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. नळी काढली, दाणे डब्यात ओतले. शिडी लावून पेटी उघडावी, तर साळुंकी बिथरून पिल्लं टाकून जायची. न उघडावी, तर आत काय चाललंय कोण जाणे. तिची साडेसातची बस फाटकासमोरून निघून गेली.

"ठेचून दिले असते मी," वडील हळूच म्हणाले. "तू नीट म्हणाली असतीस तर."

"बाबा, आता एक शब्द नको. ऐकू द्या."

आईही बाहेर आली. तिघं भिंतीखाली उभी राहिली. सात बत्तीसला साळुंकी रिकाम्या चोचीने बाहेर पडून तारेवर बसली. आतून चिरचिर आली. थोरलीला आवाज दोन वाटले, आईलाही दोनच. वडील म्हणत होते, तीन.