बाबा कुठे झुकतात

धाकटी फायनल हरली, तीही सरळ दोन सेटमध्ये. नेटपाशी हात मिळवताना तिने फणकारून विचारलंच, "माझी प्रत्येक सर्व्हिस तुला आधीच कशी कळत होती गं?"

समोरची खुदकन हसली. "बाजू बदलली तरी ते टोपीवाले काका तुझ्यामागेच येऊन बसतात ना? तू जिकडे मारणार, तिकडे ते आधीच झुकतात!"

ते तर बाबा! सर्व्हिसचा क्रम बापलेकीने सकाळीच ठरवला होता. धाकटीचा राग कुठल्या कुठे पळाला. ती उड्या मारतच त्यांच्याकडे गेली.

बाबा उखडले. "काहीतरीच! मी जागचा हलत नाही!"

तिने चेंडू नुसता डावीकडे रोखला. बाबा डावीकडे कलंडले.

"अस्सेच झुका!" ती आनंदाने ओरडली. "पुढच्या मॅचला खरा क्रम तुम्हाला सांगणारच नाही, मग समोरची बरोबर फसेल!"