गाडी रिकामी करा

अनिताबाई देसले धसईच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात वायरलेस चालवायच्या. रीतसर परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता. शहापूर, मुरबाड, धसई, वैशाखरे अशा गावांतल्या मूठभर परवानेवाल्यांनी मिळून एक जाळं उभं केलं होतं. फोन बंद पडले तरी तालुक्याला निरोप पोचावा, एवढ्यासाठी. या जाळ्यावर बोलायचं नसे, लिहायचं असे. कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर टाइप करायचा, मोडेम त्याचा किरकिराट करून हवेत सोडायचा, वैशाखऱ्याच्या टेकडीवरचं आपोआप चालणारं स्टेशन तो पुढे ढकलायचं आणि पलीकडच्या पडद्यावर अक्षरं उमटायची. जाळ्यातल्या सगळ्यांना ती वाचता यायची. दोघांनी एकदम पाठवलं की मात्र दोन्ही निरोपांचा चिवडा व्हायचा. म्हणून कुणी कधी पाठवायचं हे एकानं ठरवावं लागे. ते काम बाईंकडे होतं. आधी अडकलेले आणि आजारी, मग बाकीचे. धंद्याचा निरोप अजिबात नाही, हा त्यांचा नियम.

बाईंच्या अंगणातला अँटेनाचा लोखंडी खांब मात्र जयरामशेठनं दिलेला होता. शेठ गावातलाच, भाजीचा मोठा व्यापारी. घाटावरून त्याच्या गाड्या कल्याणला जायच्या. खांबावर त्यानं स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं, पावसाळ्यापुरता जनरेटरही पाठवला होता. बाईंनी दोन्हींचे आभार मानले होते, आणि आपल्या बाजूनं विषय तिथंच संपला असं त्यांना वाटलं होतं.

२००५ च्या जुलैत आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. वीज गेली, फोन मेले, मोबाईलचे टॉवरही गप्प झाले. मुरबाडच्या वाटेवरचा पूल पाण्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वैशाखऱ्याहून भगीरथचा निरोप आला. भगीरथ त्याच बाजूच्या एका पाड्यावरचा. आयटीआय करून मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा, आणि टेकडीवरचं स्टेशन सांभाळणारा.

‘पाड्यावरच्या उताराला भेग पडली आहे. हात जाईल एवढी. कडा कधीही खाली येईल. माणसं शाळेत आणायची आहेत. मध्ये रस्त्यावरून पाणी वाहतंय, पायी जमणार नाही. मोठी गाडी हवी.’

बाईंनी बाकीच्या स्टेशनांना थांबायला सांगितलं आणि निरोप शहापूरला ज्ञानेश्वरकाकांकडे दिला. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, परवानेवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. ते छत्री घेऊन तहसील कचेरीत गेले. उत्तर आलं: पुलावरचं पाणी उतरल्याशिवाय इकडून गाडी निघणार नाही.

मग भगीरथनं पुन्हा लिहिलं. ‘वैशाखऱ्यात जयरामशेठचा ट्रक अडकून उभा आहे. टोमॅटो भरलेत. ड्रायव्हर कोंडू म्हणतो, शेठला विचारा.’

शेठला बोलवायला बाईंचे यजमान चंदर गेले. शेठ आला, ओला रेनकोट तसाच अंगात ठेवून पडद्यासमोर उभा राहिला. बाईंनी निरोप वाचून दाखवला.

“गाडी रिकामी करायची नाय,” शेठ म्हणाला. “लिवा त्याला. पुलावरचं पाणी उतरलं का माल निघाला पायजे.”

“शेठ, पाड्यावर म्हातारी माणसं आहेत. पोरंबाळं आहेत.”

“बाई, भेगा दर पावसाळ्यात पडतात. कडा पडला का अजून? नाय ना? मंग माझा माल कशाला चिखलात?”

“मालासाठी हे मशीन मी चालवणार नाही.”

“खांब माझा हाय,” शेठ हळूच म्हणाला. त्याला आवाज चढवायची सवयच नव्हती. “जनरेटर माझा. तुमी फकस्त बटनं दाबता.”

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. खोटं लिहायचं नव्हतं आणि गप्पही बसायचं नव्हतं. त्यांनी टाइप केलं: ‘कोंडूला सांग. शेठ नको म्हणतात. मी म्हणते, गाडी रिकामी करा आणि माणसं आणा. जबाबदारी माझी. अनिता देसले, धसई.’ त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि शेठच्या देखत पाठवलं.

“खोडा ते,” शेठ म्हणाला.

“गेलेलं खोडता येत नाही. सगळ्यांनी वाचलं असेल एव्हाना.”

शेठ बाहेर गेला. थोड्याच वेळात जनरेटरची धडधड थांबली. त्याची माणसं तो टेम्पोत चढवत होती. चंदर अडवायला निघाले, तर बाई म्हणाल्या, “नेऊ द्या. त्यांचाच आहे. तुम्ही ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणा.”

घरातल्या जुन्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू झाला. पडदा फार वीज खायचा, म्हणून बाईंनी तो बंद ठेवला आणि मोडेमच्या बारक्या दिव्यावर नजर लावून बसल्या. दिवा लुकलुकला की पडदा लावायचा, वाचायचं, पुन्हा बंद.  कोंडूची नोकरी आपण एका ओळीत घालवली असं त्यांना वाटत होतं, आणि तरी ती ओळ परत घ्यावी असं एकदाही वाटलं नाही.

उजेड असतानाच दिवा लुकलुकला. ‘सगळी शाळेत. दोन खेपा झाल्या. कोंडू म्हणतो टोमॅटो पोरं खातायत.’

कडा पडला नाही. त्या दिवशी नाही, पुढे आठवडाभर नाही. ऊन पडल्यावर लोक घरी परतले, टोमॅटो रस्त्याकडेला सडले आणि शेठच्या हाती मुद्दा लागला. कोंडूला त्यानं कामावरून काढलं. खांब उपटून नेला. भरपाई नको म्हणाला. त्याला माफी हवी होती, त्याच जाळ्यावर, सगळ्यांना वाचता येईल अशी. नाहीतर वर तक्रार करून परवाने अडचणीत आणीन, असं त्यानं मंडळाला कळवलं.

ज्ञानेश्वरकाका शहापूरहून मुद्दाम आले. “दोन ओळी लिहा बाई. मंडळ टिकलं पाहिजे. शेवटी कडा काही पडला नाही.”

“पडला असता तर तुम्ही मला हार घातला असता, काका. मला त्या दिवशी भेग तेवढी माहीत होती. उद्या परत पडली तर परत तेच करीन.”

“मग जाळं दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.”

“द्या. पण मी माफी मागणार नाही.”

ही गोष्ट भगीरथच्या कानावर गेली. त्यानं काकांना लिहून टाकलं, ‘टेकडीवरचं स्टेशन आमच्या पाड्याच्या जागेवर आहे. बाई जाळं चालवतील तोवर ते चालेल. नाहीतर खाली उतरवून ठेवतो.’ टेकडीवाचून शहापूरचा निरोप घाटापर्यंत पोचत नव्हता, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी दुसरा माणूस नेमला नाही.

रविवारी नेहमीच्या वेळी सगळी स्टेशनं लागली. कोंडू आता चंदरबरोबर शेतात काम करत होता. त्यानं आणि चंदरनं अंगणात दोन उंच बांबू जोडून उभे केले होते, वर अँटेना. मुरबाडला एका परवानेवाल्याच्या घरी जयरामशेठ पडद्यासमोर खुर्ची टाकून बसलाय, अशी बातमी होती.

बाईंनी टाइप केलं: ‘धसईहून अनिता देसले. वैशाखऱ्यात गाडी माझ्या सांगण्यावरून रिकामी झाली. त्याचा मला खेद नाही. ज्याला तक्रार करायची त्यानं माझ्या एकटीच्या नावानं करावी. कामाला लागू. वैशाखरे, उताराची काय खबर, पाठवा.’

बाकीची स्टेशनं आपली पाळी येईपर्यंत थांबली. दिवा लुकलुकला आणि भगीरथची अक्षरं उमटू लागली.