न उजळणारी भुकटी

प्रयोगशाळेत तिला सगळे अक्का म्हणत. दोन वर्षं ती एकाच भुकटीमागे हात धुऊन लागली होती. दुर्मिळ धातूंची भुकटी, पिठाहूनही बारीक. या भुकटीने न दिसणाऱ्या उजेडाचे दोन अशक्त कण पोटात घ्यायचे आणि दोन्हींचा मिळून एक हिरवा, दिसणारा कण बाहेर टाकायचा. पण भुकटी ढिम्म. उजेड मोजायचं यंत्र बिघडलेलं, म्हणून सगळी भिस्त डोळ्यांवर.

सकाळी साहेबांनी सांगून टाकलं होतं, "आज उजळली नाही, तर उद्या भट्टी शेजारच्या खोलीत जाईल." भुकटी त्याच भट्टीत भाजून व्हायची; ती गेली म्हणजे अक्काचं काम संपलं.

दुपारी तिने काळे पडदे ओढले, नारिंगी काचांचा संरक्षक चष्मा चढवला, बाटलीतल्या भुकटीवर न दिसणारे किरण सोडले. काळोख. पाय भरून आले होते. निराश व्हायलाही त्राण नव्हतं.

तेवढ्यात आपला चष्मा लावून भाऊजी आत आले. शेजारच्या खोलीतले सहकारी. खात्यातल्याच मुलीशी लग्न केलं, म्हणून साऱ्यांचेच भाऊजी. भट्टीचं माप घ्यायला आले होते.

"अहो अक्का, पार्टी कधी?"

"आज चेष्टा नको, भाऊजी. जीव नकोसा झालाय."

"चेष्टा कसली? हिरवीगार पेटलीय की!"

"माप घ्या आणि निघा."

"तुमचे डोळे आहेत की बटणं?" त्यांनी किरण बंद केले, आपला फिकट काचांचा चष्मा तिच्या हातात दिला, तिचा स्वतः लावला आणि पुन्हा बटण दाबलं. "मला काही दिसेना बुवा. तुम्हाला?"

बाटलीत हिरवा ठिपका लखलखत होता.

अक्काने भाऊजींच्या नाकावरच्या नारिंगी काचांकडे पाहिलं. तो चष्मा हिरव्या लेझरच्या टेबलावरचा. न दिसणारे किरण अडवायचा, तसा हिरवा उजेडही गिळायचा. तिच्या चष्म्याचा पट्टा तुटला तेव्हा दोन दिवसांपुरता म्हणून तिने तो उचलला होता. तिने भाऊजींना तसं सांगितलं.

"कधी तुटला पट्टा?"

"थंडी पडायला लागली तेव्हा."

पडद्याआड आता उन्हाळा तापत होता. अक्काने कपाटाखालचा, निकामी ठरवलेल्या बाटल्यांचा खोका ओढला. एक किरणांपुढे धरली. हिरवी. दुसरी त्याहून हिरवी. तिसरी तिने हातातच ठेवली.

"साहेबांना बोलावू?"

"बोलवा. भट्टी हलवू नका म्हणावं."

"अहो, मग हसा की जरा!"

"हसते, भाऊजी. आधी बसू द्या."

ती स्टुलावर टेकली. खणातून तुटक्या पट्ट्याचा चष्मा काढला आणि दोन्ही टोकं जुळवून गाठ मारली. मिनिटही लागलं नाही.