दगडांवरची घरं

ओर्मंड माझ्या बहिणीचा मुलगा, आमच्या बेटावरचा पहिला काळा डॉक्टर. एडिंबरोहून शिकून आला तेव्हा सगळा गाव बंदरावर लोटला होता. उसाच्या मळ्याचा मॅनेजर क्रॉलीसाहेब तेव्हा म्हणाला होता, "पोरगा हुशार आहे. फक्त पायरी ओळखून राहावं त्यानं." पायरी ओळखणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

त्या वर्षी तापानं पोरं जायला लागली. माझी नात गेली. नळाचा पाइप माझ्या दारावरून जायचा, पण थेट मळ्याच्या तबेल्यात. खेचरं नळाचं पाणी पीत होती आणि आम्ही डबक्यातलं. ओर्मंडनं पॅरिशच्या, म्हणजे आमच्या परगण्याच्या, मंडळाला अर्ज केला. मंडळाचा अध्यक्ष क्रॉलीच. "डॉक्टरांनी औषधं द्यावीत, पाण्याचं आम्ही बघू," असं उत्तर आलं. ओर्मंडनं मग स्वतःच मंडळाच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं.

"अरे, त्या लोकांत बसून तू काय करणार?" मी विचारलं.

"मावशी, पोरांना औषध पाजतो आणि ती घरी जाऊन तेच पाणी पितात. हे मी किती वर्षं करू?"

आमच्याकडे मत म्हणजे शाळेत जायचं, टेबलासमोर उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत नाव घ्यायचं. टेबलाशी क्रॉली बसलेला. जमीन नावावर असेल त्यालाच मत, मग बाई असो की बाप्या. आम्ही मळ्याच्या जमिनीवर राहणारे, म्हणून खिडकीबाहेर उभे होतो. दुकानदार अल्फॉन्सो आत गेला. त्याची बायको बाळंतपणात मरता मरता ओर्मंडनं वाचवलेली. पठ्ठ्यानं खाली मान घातली आणि क्रॉलीच्या माणसाचं नाव घेतलं.

"अल्फॉन्सो, बायकोला काय तोंड दाखवशील रे?" मी बाहेरून ओरडले. मग सगळ्यांनीच ओर्मंडच्या नावाचा गजर सुरू केला. मत नव्हतं, पण घसा होता. ओर्मंड सपाटून हरला.

क्रॉली बाहेर आला आणि एकेकाकडे बोट दाखवत म्हणाला, "तू, तू आणि तू. शनिवारच्या आत माझ्या जमिनीवरून घरं उचला."

उचला म्हणजे खरंच उचला. आमची घरं फळ्यांची, सुट्या दगडांवर नुसती टेकवलेली. जमीन दुसऱ्याची असली की पाया कोण खणतो? लायनेल सुतारानं खिळे काढून डब्यात जपून ठेवले. माझा नवरा ज्या भिंतीशी झोपायचा ती गाडीवर आडवी झाली तेव्हा मला रडू फुटलं. क्रॉलीचा मुकादम बघत होता, म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली.

जायचं कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्यात ओर्मंड आडवा आला.

"गाड्या माझ्या कुरणात वळवा."

"तिथे तुझं इस्पितळ व्हायचंय ना?" मी म्हटलं. त्या कुरणासाठी त्यानं किती वर्षं जुना कोट वापरला, ते मला माहीत होतं.

"नळ आला तर इस्पितळात यावं लागणारी माणसंच कमी होतील. ज्याच्या घराखाली जितकी जमीन येईल तितकी त्याची. उद्याच कचेरीत जाऊन नावावर करून देतो."

"आणि त्याबद्दल आम्ही तुझं नाव घ्यायचं, असंच ना?" लायनेल हसत म्हणाला.

ओर्मंड हसला नाही. "नाव कुणाचंही घे. क्रॉलीचं घेतलंस तरी जमीन तुझीच. पण खाली मान घालून घेऊ नकोस."

कुरणात घरं उभी राहिली. या खेपेला लायनेलनं दगड मांडले नाहीत, पाया खणला. क्रॉली घोड्यावरून जाताना म्हणाला, "डॉक्टरनं कोंबड्या पाळल्यात वाटतं." आम्ही मक्याचं पीठ आणि भेंडी घोटत बसलो होतो. हसणाऱ्याला हसू द्यावं.

पुढच्या निवडणुकीला शाळेत आमची रांग लागली. पहिली मी.

क्रॉलीनं मान वर केली. "म्हातारे, तुझं इथे काय काम?"

कारकून हळूच म्हणाला, "साहेब, यांच्या नावावर जमीन आहे. मागच्या सगळ्यांच्याही."

"जमीन? हिला कुणी दिली?"

"तुम्हीच," मी म्हणाले. "तुम्ही हाकललं नसतंत तर मी अजून तुमच्याच दगडांवर बसले असते."

क्रॉलीनं रांगेवरून नजर फिरवली. ज्यांच्याकडे त्यानं बोट दाखवलं होतं ते सगळे उभे होते. मला नात आठवली. मी मान ताठ केली आणि माझ्या ओर्मंडचं नाव घेतलं, पार तिकडे तबेल्यातल्या खेचरांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.